बारा उलटे रोल

रंगीत फोटो धुऊन छापणाऱ्या त्या लॅबमध्ये त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे त्याला अर्धापॉइंट म्हणत. फोटो छापताना एनलार्जरच्या, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राच्या, डोक्यावरच्या तीन चकत्या फिरवून पिवळा किती, गुलाबी किती, निळा किती हे ठरवायचं असतं. चकतीवर आकडे असतात, त्यांना पॉइंट म्हणतात. चकतीवर जो रंग वाढवावा, तो फोटोतून कमी होतो. दुसऱ्याला जिथे फोटो झाला असं वाटे, तिथे हा नमुन्याची ओली पट्टी खिडकीपाशी नेई, मान वाकडी करून बघे आणि म्हणे, "अर्धा पॉइंट लाल जास्त आहे." मग पुन्हा छापे. कागद वाया जातो म्हणून जुने मालक पहिली दोन वर्षं ओरडले. नंतर थांबले. त्याच्या हातच्या फोटोत माणसाची कातडी कातडीसारखी दिसे.

अशी एकतीस वर्षं त्याने उभ्याने काढली. निवृत्त झाल्यावरही तो सोमवार, मंगळवार आणि शुक्रवार असे तीन दिवस येत होता. मालक गेले होते आणि लॅब त्यांची मुलगी बघत होती. तिला सगळे ताई म्हणत. हाही म्हणे. चार वर्षांची असताना वाळवणीच्या टेबलावर बसून ती याच्या डब्यातलं खायची, ते दोघांनाही आठवत होतं, पण कामाच्या जागी कोणी तो विषय काढत नसे. सोमवारी रोल धुवायचे. मंगळवारी मोठ्या डब्यातली लांब फिल्म अंधारात कापून लहान डब्यांत भरायची. शुक्रवारी छापायचं. खिडकीपाशी एक लाकडी खुर्ची होती. शेवटची पट्टी त्या खुर्चीत बसून पास करायची. त्या खुर्चीत दुसरं कोणी बसत नसे.

तीन महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि तो तपकिरी जातीचा आहे.

"तुम्ही जग चहाच्या ग्लासातून बघताय," डॉक्टर म्हणाले. "हळूहळू होतं, त्यामुळे माणसाला कळत नाही."

डॉक्टरांची चिठ्ठी त्याने घडी करून चष्म्याच्या घरात, कापडाखाली ठेवली. कोणाला सांगितलं नाही. रंग बघणाऱ्याचे डोळे अधू झाले हे कळलं की खुर्ची गेली. खुर्ची गेली की सकाळी उठून जायचं कुठे?

बायकोपासून मात्र लपलं नाही. एका सकाळी तो बूट घालत होता तेव्हा ती दारात उभी राहिली.

"अहो, कोणाशी पैज लागलीय का?"

"कसली?"

"एका पायात काळा मोजा, एका पायात निळा."

त्याने दोन्ही पाय शेजारी ठेवून बघितले. दोन्ही काळे होते.

"उजेड कमी आहे," तो म्हणाला.

"उजेड आहे तेवढाच आहे," बायको म्हणाली. "ताईला सांगा, नाहीतर मी सांगते."

"तू मोजे सांभाळ."

त्या दिवसापासून तो मोजे आदल्या रात्री जोडीने गाठ मारून ठेवू लागला. आणि त्या दिवसापासूनच त्याला लॅबमध्ये कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटू लागलं.

आधी चकत्यांचं लक्षात आलं. शुक्रवारी जाताना पिवळा साठवर सोडला होता, हे त्याला पक्कं आठवत होतं. सोमवारी बघतो तर बावन्नवर. त्याने मुकाट्याने साठवर आणला. पुढच्या सोमवारी पुन्हा बावन्न. तिसऱ्या आठवड्यात त्याने आकडा पेन्सिलीने भिंतीवर लिहून ठेवला, म्हणजे आठवणीवर खापर फोडायला नको. सोमवारी भिंतीवर साठ होते आणि चकतीवर बावन्न.

कोण हात लावतं? लॅबमध्ये माणसं ती किती. तो, ताई, आणि दर गुरुवारी धुलाईच्या मशीनची देखभाल करायला येणारा मिस्त्री. मिस्त्री चाळिशीचा, हसरा, आणि बोलायला कात्रीसारखा. रंग आपोआप ठरवणारं एक यंत्र ताईने घ्यावं म्हणून तो वर्षभर मागे लागला होता.

"काका, आता माणसाने कशाला डोळे फोडायचे?" तो म्हणे. "यंत्र बघेल रंग. तुम्ही बटण दाबायचं आणि चहा प्यायचा."

डोळे फोडायचे, हे शब्द त्याने मुद्दाम वापरले का? अर्धापॉइंटने त्या रात्री त्यावर बराच विचार केला. चिठ्ठी चष्म्याच्या घरातच आहे ना, हे उठून बघितलं. होती.

मग लाल रोल आला.

सोमवारी धुतलेल्या सात रोलमध्ये तो एक होता. त्याने सवयीने एक पट्टी छापून बघितली आणि जागीच थांबला. झाडं शेंदरी, रस्ता विटकरी, आभाळ मधासारखं. माणसं तापलेल्या भट्टीसमोर उभी असल्यासारखी. त्याने चकत्या फिरवल्या. दहा पॉइंट, वीस, चाळीस. लाल हटेना. हे फोटोत आहे की माझ्या डोळ्यांत?

त्याने निगेटिव्ह बोटांत धरून उजेडासमोर आडवी केली. चित्र सरळ धरलं की कडेचे आकडे उलटे येत होते, आरशात बघितल्यासारखे. एकतीस वर्षांच्या माणसाला एवढं पुरे. फिल्मच्या एका बाजूला रंग धरणारा थर असतो, ती मंद बाजू. दुसरी बाजू नुसती चकचकीत पाठ. कॅमेऱ्यात मंद बाजू भिंगाकडे पाहिजे. या रोलमध्ये पाठ भिंगाकडे होती. फिल्म डबीत उलटी भरली गेली होती.

पण डब्या भरणारा तोच होता.

ताई मागून आली, निगेटिव्ह त्याच्या हातातून अलगद काढून घेतली आणि म्हणाली, "हे मी बघते, काका."

"का? मी बघतोय ना."

"माझं एक काम आहे ते."

एवढंच बोलली आणि ती निगेटिव्ह स्वतःच्या खणात ठेवून खण लावून घेतला. तिने यापूर्वी एकदा फिल्म लिंबाच्या पाण्यात भिजवून ठेवली होती, रंग कसे बिघडतात ते बघायला. तेव्हा त्याने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "फिल्मचं लोणचं घालतेस का?" त्यानंतर ती असल्या गोष्टी त्याच्याशी बोलत नसे. ते त्याला त्या दिवशी आठवलं नाही. त्याला एवढंच दिसलं की ती नजर चुकवत होती.

महिन्याभरात असे तीन रोल आले. तिन्ही ताईने उचलून नेले. त्याला झोप लागेना. डोळ्याचं कळलं होतं. हातालाही मोतीबिंदू होतो का? की कोणी हे घडवून आणतंय? म्हातारा रोलसुद्धा उलटे भरतो, असं एकदा ताईच्या मनात भरलं की मिस्त्रीचं यंत्र आलंच.

त्याने माग काढायचं ठरवलं. भरलेले रोल मागच्या खोलीतल्या लहान फ्रिजमध्ये ठेवत. मंगळवारी संध्याकाळी त्याने बायकोच्या डब्यातला दोरा आणला, फ्रिजच्या दाराला आडवा लावला आणि दोन्ही टोकं मेणाने चिकटवली. काम बारीक होतं. पण बारीक कामाला तो कधी कंटाळला नव्हता. उपाशी बोक्यासारखा बुधवार-गुरुवार घरी बसून काढला.

शुक्रवारी दोरा तुटलेला होता. गुरुवारी आलं होतं कोण? मिस्त्री.

त्याने फ्रिज उघडला. मंगळवारी त्याने वीस डब्या भरल्या होत्या आणि नेहमीसारखा प्रत्येकीच्या झाकणावर काळा टिपका दिला होता. आता बत्तीस होत्या. सगळ्यांवर टिपका होता. डबीतून फिल्मची जीभ बाहेर असते. त्याने एकेकीवरून अंगठा फिरवला. बाहेरची बाजू गुळगुळीत लागायला हवी. वीस गुळगुळीत लागल्या. बारांची मंद बाजू बाहेर होती.

त्याने एक जीभ खालच्या ओठाला लावून बघितली. मंद बाजू ओलसर ओठाला हलकी चिकटते. चिकटली. बोट फसवेल, डोळा तर फसवतोच, ओठ फसवत नाही.

बारा उलटे रोल. हातात धरून तो उभा राहिला. ताईला सांगावं? सांगितलं तर मिस्त्री म्हणणार, भरतं कोण, काकाच ना? चोरी न करता चोर ठरायची वेळ. त्यापेक्षा कोणाला न सांगता हे सरळ करून ठेवावं. मग ज्याने केलं त्याचा डाव त्याच्याच पदरात.

ताई बाहेर गेली होती. तो डार्करूममध्ये शिरला आणि आतून कडी घातली. या कामाला किती कष्ट पडतात ते ज्याने केलं नाही त्याला सांगून कळणार नाही. काळ्याकुट्ट अंधारात डबीतून दीड मीटर फिल्म बाहेर काढायची, कडांनीच धरायची, पोटाला घासू द्यायची नाही. टोकाची चिकटपट्टी सोडवायची, फिल्म पालटायची, पुन्हा चिकटवायची आणि एकसारख्या ताणाने गुंडाळायची. ताण कमी झाला तर फिल्म डबीत अडते, जास्त झाला तर चरे पडतात. घामाचा थेंब पडला तर फोटोवर डाग. चिकटपट्टी तो चौकोनी कापे आणि तिचा एक कोपरा दुमडून ठेवे, म्हणजे सोडवताना अंधारात नखाला सापडतो. एका रोलला सात मिनिटं. बारा रोल त्याने न थांबता केले. बाहेर आला तेव्हा मान धरली होती, आणि कित्येक दिवसांनी त्याला बरं वाटत होतं. अंधारात त्याचा हात अजून पहिल्यासारखा होता.

नवीन दोरा लावून तो घरी गेला.

दोन आठवड्यांनी, शुक्रवारी, चित्रकलेच्या बाई आल्या. या शाळेतून निवृत्त झालेल्या, हाडकुळ्या, खांद्याला जुना कॅमेरा. त्यांचे चार रोल त्याने सोमवारी धुतले होते आणि त्या दिवशी सकाळी छापले होते. वीटभट्टीचं जुनं धुराडं पाडलं, त्याचे फोटो होते. निगेटिव्ह फार गडद होत्या. बाईंनी प्रकाश तिप्पट दिला होता. एवढ्या जाणत्या बाई अशी चूक करतात? हे त्याला खटकलं होतं. पण त्याने एकेक फोटो ओढून काढला. आभाळ आभाळासारखं, वीट विटेसारखी.

बाईंनी पाकीट उघडलं. पहिला फोटो बघितला, दुसरा बघितला आणि पाकीट टेबलावर आपटलं.

"ताई, हे काय आहे?"

"काय झालं?"

"हे तर जसं होतं तसंच आलंय!"

त्याला कळेना. एकतीस वर्षांत ही तक्रार त्याने ऐकली नव्हती.

ताईने फोटो हातात घेतले आणि तिचा चेहरा उतरला. मशीनचा हीटर बिघडला म्हणून मिस्त्रीही त्या दिवशी आला होता. तो पाना हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला.

"चाळीस वर्षं वर्गाच्या खिडकीतून बघितलं मी ते धुराडं," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी ते लालेलाल व्हायचं. तसं पाहिजे होतं मला. म्हणून तर तुमचे लाल रोल घेतले. आता कुठून आणू? धुराडं काय परत उभं करतात?"

"मी स्वतः उलटे भरले होते, बाई," ताई म्हणाली. "गुरुवारी बसून बारा रोल भरले. पाठीकडून उजेड गेला की लाल धरणारा थर आधी भाजतो, बाकीच्यांपर्यंत फारसं पोचतच नाही. म्हणून तर तिप्पट प्रकाश द्या म्हणाले होते. तीन वेळा करून बघितलं होतं. चुकणं शक्य नाही." मग ती दाराकडे वळली. "मिस्त्री, त्या गुरुवारी मागच्या खोलीत तू एकटा होतास. फ्रिज उघडला होतास?"

"उघडला होता."

"का?"

"पाण्याची बाटली गार करायला ठेवली होती. शपथ, ताई. तुमच्या रोलला मी कशाला हात लावू? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"मग सरळ कोणी केले? भुताने?"

मिस्त्री हातातला पाना पुसत राहिला. हसरा माणूस हसेनासा झाला की वाईट दिसतो. ताई म्हणाली, "मला विश्वासाचा माणूस पाहिजे. पुढच्या गुरुवारपासून येऊ नकोस."

अर्धापॉइंट खुर्चीत बसून होता. तोंड मिटून घ्यायचं, की झालं. मिस्त्री जाईल, यंत्र जाईल, खुर्ची राहील. त्याने मिस्त्रीकडे बघितलं. दोन महिने ज्याला पाण्यात बघितलं, त्याने एक बाटली गार केली होती.

"मी केले," तो म्हणाला.

"काय?"

"बाराही मी सरळ केले. उलटे भरलेले दिसले. कोणीतरी खोडी केली असं वाटलं. एकेकाला सात मिनिटं लागली." आणि त्याच्याने राहवलं नाही. "एकावर चरा असेल तर दाखव."

"चरा नाहीये, काका!" ताई ओरडली. "मला विचारायचं तरी! मी वेगळी खूण केली होती, तुमच्यात मिसळू नये म्हणून. प्रत्येकावर निळा टिपका होता."

"काळा होता."

"निळा."

"बत्तीसही काळे होते. मी बघितलेत."

ताईने त्याच्याकडे क्षणभर बघितलं. मग मागे जाऊन फ्रिजमधून दोन डब्या आणल्या आणि खिडकीच्या उजेडात, खुर्चीच्या हातावर ठेवल्या.

"हा कोणता?"

"काळा."

"आणि हा?"

त्याने वाकून बघितलं. चष्मा काढून बघितलं. त्याला मोजे आठवले.

"तू सांग," तो म्हणाला.

मिस्त्री हळूच मशीनकडे निघून गेला. बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. ताईने आपला खण उघडला आणि त्याच्यासमोर फोटोंचे दोन गठ्ठे ठेवले. "डावीकडचे तुम्ही छापलेले. उजवीकडचे मी परत छापलेले. तुमच्या फोटोंत चेहरे निळसर पडायला लागले, काका. गिऱ्हाइकं बोलायला लागली होती."

"म्हणजे चकती तू फिरवत होतीस."

"हो."

"साठची बावन्न."

"हो. नंतर जागेवर आणायची राहून जायची."

"किती दिवस?"

"आठ महिने."

डॉक्टरांच्याही आधीपासून. संशय खरा होता, फक्त माणूस चुकला होता. राग त्याच्या कानशिलापर्यंत चढला. "तोंडावर सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही तरी सांगितलंत का?" ताई म्हणाली. "चष्म्याच्या घरातली चिठ्ठी कधी दाखवणार होता?"

"ती तुला कोणी सांगितली?"

"काकूंनी. दोन महिने झाले."

त्याने जेवणाचा डबा उचलला आणि घरी गेला. बायकोशी दोन दिवस बोलला नाही. बायकोलाही घाई नव्हती. तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "दर शुक्रवारी माझं सगळं काम तिने परत केलं. आठ महिने. दुप्पट कष्ट."

"मग?"

"कष्ट वाया गेले तिचे."

"तिला विचारा वाया गेले का," बायको म्हणाली आणि दवाखान्यात जायच्या पिशवीत त्याचा टॉवेल भरला.

महिन्याने उजवा डोळा झाला. पट्टी काढून घरी आला तेव्हा तो दारातच थांबला.

"भिंतीला रंग कधी दिला?"

"कोणी दिला? वीस वर्षं तोच आहे."

त्याने उजवा डोळा झाकला. भिंत जुन्या कागदासारखी. डावा झाकला. भिंत धुतलेल्या कापडासारखी. मग तो पलंगावर बसला आणि घरातले सगळे मोजे ओतून त्याने काळे एकीकडे, निळे एकीकडे केले. सात निळे निघाले. बायको तोंडाला पदर लावून हसत होती. तो हसला नाही. त्याचं काम चाललं होतं.

लॅबमध्ये गेल्यावर त्याने कोणाशी न बोलता एकच निगेटिव्ह दोनदा छापली. एकदा डाव्या डोळ्याने ठरवून, एकदा उजव्याने. दोन पट्ट्या झाल्या. फरक आठ पॉइंटचा. अर्ध्या पॉइंटसाठी लोकांशी भांडलेला माणूस आठ पॉइंट वाहून गेला होता. त्याने आकडा भिंतीवर लिहिला, जुन्या साठच्या खाली.

मग त्याने बाईंच्या धुराड्याची निगेटिव्ह काढली आणि चकत्या फिरवून, दिवसभर खपून, एक लालेलाल फोटो केला. बाईंना बोलावून दाखवला. बाईंनी तो हातभर लांब धरला.

"हे वरून ओतलंय," त्या म्हणाल्या. "सावल्यासुद्धा लाल झाल्यात. आतून आलेलं नाही."

त्याने मान हलवली. त्यालाही ते दिसलं होतं, फक्त कोणी ओळखतं का ते बघायचं होतं. ओळखलं. मग त्याने तो फोटो फाडला. गेलं ते गेलं. बाई पाडलेल्या विटांच्या ढिगाचे फोटो काढणार म्हणाल्या. त्यासाठी त्याने चार रोल स्वतः उलटे भरले. टिपका दिला नाही. प्रत्येक डबीवर अक्षरांत लिहिलं: उलटा. मुद्दाम.

मिस्त्री गुरुवारी येतच राहिला. त्याच्या बाटलीसाठी अर्धापॉइंटने फ्रिजचा खालचा कप्पा रिकामा केला. यंत्राबद्दल मात्र ऐकून घेत नसे.

आणि खुर्चीचं असं ठरलं, की शेवटची पट्टी दोघांनी बघायची. आधी त्याने, मग ताईने, त्याच्यासमोर. पाठीमागे काही नाही.

पहिल्या शुक्रवारी त्याने पिवळा बावन्नवर ठेवून छापलं, पट्टी बघितली आणि खुर्चीतून उठला. ताई बसली. तिने पट्टी खिडकीकडे धरली, मान वाकडी केली. बराच वेळ लावला.

"अर्धा पॉइंट पिवळा जास्त आहे, काका."

त्याने आधी तिच्या तोंडाकडे बघितलं. थट्टा करतेय का? हसत नव्हती. मग त्याने पट्टी घेतली, डावा डोळा झाकला आणि उजेडाकडे धरून तिच्याहून जास्त वेळ लावला.

"पाव," तो म्हणाला, आणि परत छापायला आत गेला.